'पेट साउंड्स': एकाला रडू येतं, दुसऱ्याला कंटाळा येतो, असं का?

विचारणाऱ्याने थोडक्यात असं लिहिलंय: बीच बॉइज या अमेरिकन गटाचा १९६६ सालचा 'पेट साउंड्स' हा अल्बम श्रेष्ठ अल्बमांच्या बऱ्याच याद्यांमध्ये अगदी वर असतो, म्हणून मी तो फोनवर इअरफोन लावून नीट ऐकला. मला तो गोडगोड, जुनाट आणि आवाजाला कोंदट वाटला. माझ्या भावाला मात्र त्यातलं 'गॉड ओन्ली नोज' लागलं की डोळ्यांत पाणी येतं. चूक माझ्या कानांची की याद्या करणाऱ्यांची? शिवाय भावाच्या वाढदिवसाला याची विनाइल तबकडी द्यायची आहे, तर कुठली घेऊ?

मी मुंबईत ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंगचं, म्हणजे वेगवेगळे आवाज मिसळून गाणं तयार करण्याचं, काम करतो. हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलांना हा अल्बम आवर्जून ऐकवतो, त्यामुळे त्याबद्दलची टोकाची मतं समोरासमोर ऐकत आलोय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या अल्बमवरून वाद होतो तेव्हा बहुतेक वेळा वाद घालणाऱ्यांनी एकच गोष्ट ऐकलेली नसते. एकाने मोनो (सगळा आवाज एकाच वाटेने) ऐकलेला असतो, दुसऱ्याने तीस वर्षांनी तयार झालेला स्टीरिओ (डावी-उजवीकडे वेगळा आवाज), तिसऱ्याने साठच्या दशकातला बनावट स्टीरिओ. एकाच्या कानापर्यंत बास, म्हणजे सर्वांत खालच्या सुरांचं वाद्य, पोहोचलेला असतो, दुसऱ्याच्या नाही. हा गोंधळ बाजूला काढल्यावर जो मतभेद उरतो तो खरा. तो आवडीनिवडीचा आहे आणि त्यात दोन्ही बाजूंकडे सांगण्यासारखं बरंच आहे.

पार्श्वभूमी पटकन सांगतो. समुद्र, लाटा, गाड्या आणि उन्हाळा यांवरच्या गाण्यांनी बीच बॉइज अमेरिकेत घरोघरी पोहोचले होते. गाणी रचणारा, वादकांना वाजवायला सांगणारा आणि ध्वनिमुद्रण बघणारा एकच माणूस होता, ब्रायन विल्सन. १९६४च्या डिसेंबरात विमानात त्याला घाबरण्याचा जबरदस्त झटका आला आणि त्यानंतर त्याने दौरे सोडून स्टुडिओतच राहायचं ठरवलं. १९६५च्या अखेरीस त्याने बीटल्सच्या 'रबर सोल'ची अमेरिकन आवृत्ती ऐकली. नुसतं जागा भरण्यापुरतं एकही गाणं नसलेला अख्खा अल्बम करता येतो, हे त्याच्या मनाने घेतलं. बाकीची मंडळी जानेवारी १९६६मध्ये जपानच्या दौऱ्यावर असताना त्याने लॉस एंजेलिसमध्ये भाडोत्री स्टुडिओ वादक बोलावले आणि वाद्यांचं काम सुरू केलं. शब्द लिहायला घेतला टोनी ॲशर, जो जाहिरातीची कॉपी लिहायचा. मंडळी परत आली तेव्हा त्यांच्यापुढे गायचं काम तेवढं उरलं होतं. १६ मे १९६६ला कॅपिटल कंपनीने अल्बम बाजारात आणला. त्या वेळी ब्रायन तेवीस वर्षांचा होता.

आता कोंदटपणाकडे येतो. तुमची सगळ्यात मोठी तक्रार तीच आहे, आणि तिच्यामागचं कारण तांत्रिक आहे.

ब्रायनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. स्टीरिओ म्हणजे काय हे त्याला अनुभवाने कळणं शक्य नव्हतं. त्याने हा अल्बम मोनोत मिक्स केला, आणि नाइलाजाने नव्हे. फिल स्पेक्टर हा निर्माता त्याचा आदर्श होता. स्पेक्टर गोल्ड स्टार स्टुडिओत दोन-दोन बास, दोन-तीन पियानो, चार गिटार एका खोलीत एकत्र वाजवून घ्यायचा आणि सगळ्याचा मिळून एक घट्ट आवाज उभा करायचा. ब्रायनने ती युक्ती उचलली, पण तिचा वापर फार नाजूकपणे केला. स्पेक्टरला भिंत बांधायची होती, ब्रायनला नवीन वाद्यं जन्माला घालायची होती. उभा बास (मोठ्या व्हायोलिनसारखा) आणि इलेक्ट्रिक बास (गिटारसारखा) एकच ओळ वाजवतात तेव्हा मोनोत ते दोन बास राहत नाहीत. उभ्या बासची गोलाई आणि इलेक्ट्रिकचा टोकदारपणा मिळून एक तिसरंच वाद्य ऐकू येतं, जे कुठल्याही दुकानात मिळत नाही. अकॉर्डियन आणि गिटार, बासरी आणि सॅक्सोफोन, पियानो आणि ऑर्गन अशा जोड्या या अल्बमभर आहेत. कान त्या वेगळ्या करू शकत नाही, आणि करू नयेत हीच रचना आहे.

हाच आवाज स्टीरिओत डावी-उजवीकडे पसरला की कान लगेच मोजायला लागतो: हा पियानो, ही गिटार, हा टॅम्बोरिन. सगळं स्वच्छ आणि मोकळं होतं. पण ते तिसरं वाद्य मोडतं. म्हणून जाणकारांमध्येही दोन तट आहेत. १९९७ साली या अल्बमच्या ध्वनिमुद्रण-सत्रांचा पेटारा (अनेक तबकड्यांचा संच) प्रसिद्ध झाला, त्यात मार्क लिनेट या ध्वनितज्ज्ञाने केलेलं पहिलं खरं स्टीरिओ मिक्स होतं. काम अत्यंत मेहनतीचं होतं. मूळ ध्वनिमुद्रणात वाद्यं तीन किंवा चार ट्रॅकवर (टेपवरच्या स्वतंत्र पट्ट्यांवर) घेऊन, ती सगळी मिसळून दुसऱ्या टेपच्या एकाच ट्रॅकवर उतरवली जायची आणि उरलेल्या ट्रॅकवर आवाज चढायचे. लिनेटने वाद्यांची मूळ टेप आणि आवाजांची टेप संगणकावर एकमेकींशी जुळवून घेतली. कोरसमधला प्रत्येक गळा वेगळा ऐकायचा असेल तर ते मिक्स सोन्यासारखं आहे, आणि शिकणाऱ्या मुलांना मी तेच देतो. पण ते दुसरं वाचन आहे. 'वुडन्ट इट बी नाइस'च्या मधल्या भागात मोनोमध्ये गटातल्या माइक लव्हचा आवाज आहे, १९९७च्या स्टीरिओत तिथे ब्रायन गातो, कारण माइकच्या त्या ओळी मल्टिट्रॅक टेपवर सापडल्या नव्हत्या. 'हिअर टुडे'च्या मधल्या वाद्यभागात मोनोमध्ये मागे माणसांचं बोलणं चक्क ऐकू येतं, स्टीरिओत ते गायब आहे. दोन मित्र या गाण्यावरून भांडले आणि दोघेही खरं बोलत असले, तर नवल वाटायला नको.

तिसरी आवृत्ती सर्वांत वाईट. १९६६मध्ये घराघरांत नवे स्टीरिओ संच येत होते आणि 'स्टीरिओ' लिहिलेली तबकडी जास्त पैशांना जायची. कॅपिटलकडे या अल्बमचं स्टीरिओ नव्हतंच, म्हणून त्यांनी मोनो टेपवर 'ड्युओफोनिक' नावाची प्रक्रिया केली: एकाच ध्वनीचे दोन भाग पाडायचे, एकीकडे खर्ज वाढवायचा, दुसरीकडे तार, आणि एक बाजू किंचित मागे सरकवायची. असं केल्यावर जे ऐकू येतं ते स्टीरिओही नसतं आणि मोनोही नसतं. कोरस पोकळ होतो, झांजा किरकिरतात, बासची जागा हलते. अमेरिकेत अनेकांनी हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तो असा. त्यांनी नाक मुरडलं असेल तर मी त्यांना दोष देणार नाही.

आणि तुमचा इअरफोन. मोनो ध्वनी इअरफोनमधून ऐकला की तो बरोबर डोक्याच्या मध्यभागी अडकल्यासारखा वाटतो. खोलीत एका स्पीकरमधून तोच ध्वनी आला की भिंतींवरून परतून कानाशी येतो आणि त्याला जागा मिळते. तुम्हाला जाणवलेला कोंदटपणा बराचसा तिथला आहे. सगळा नाही. हा अल्बम खरोखरच दाट आहे. वाद्यं एका ट्रॅकवर उतरवताना टेपची एक पिढी खर्ची पडते, म्हणजे नकलेची नक्कल होते, आणि वरचा चकचकीतपणा थोडा जातो. आजच्या गाण्यांच्या उजेडाची सवय असलेल्या कानाला तो सुरुवातीला अंधारा वाटणारच.

हे ट्रॅक एकत्र उतरवणं म्हणजे काय, याचा एक पुरावा अल्बममध्येच आहे. 'यू स्टिल बिलीव्ह इन मी'च्या शेवटी सायकलचा भोंगा वाजतो. गाणं अपराधी प्रियकराचं, त्यात सायकल कशाला? कारण हीच चाल आधी बालपणावरच्या गाण्यासाठी बांधली होती आणि वाद्यांच्या ट्रॅकवर घंटी नि भोंगा पक्के बसले होते. शब्द बदलले, भोंगा काढता येईना. अनेक श्रोते त्यात निरागसतेची खूण वाचतात, काहींना ती चमत्कारिक खोडी वाटते. मला विचाराल तर भोंगा राहिला हे चांगलं झालं. त्या क्षणी गाणं अचानक लहान मुलाचं होतं, आणि माफी मागणारा माणूस तसाच असतो.

आता 'गॉड ओन्ली नोज'. तुमचा भाऊ गप्प होतो ते कशामुळे, हे मला सविस्तर सांगायचंय, कारण आपल्या कानांसाठी त्यात एक खास गोष्ट आहे.

आपण तंबोऱ्यावर वाढलेली माणसं. गाणं शिकलो नसलो तरी भजन, नाट्यगीत, भावगीत ऐकता ऐकता कानाला षड्जाची सवय लागते. षड्ज खाली पक्का असतो, गायक त्याच्यापासून दूर जातो, ताणतो, परत येतो, आणि परत आल्यावर आपल्याला हायसं वाटतं. 'गॉड ओन्ली नोज'मध्ये ब्रायनने खालचा षड्जच काढून घेतलाय. गाणं ई मेजरचं, म्हणजे ई हा षड्ज धरलेलं, म्हणता येईल, पण कडवं सुरू होतं ते भलत्याच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या भलत्याच जुडग्यावर. पुढे ई मेजर येते तेव्हाही बास ई वाजवत नाही, बी वाजवतो. आपल्या भाषेत, वरती षड्जाची घरची कॉर्ड वाजतेय आणि खाली बास पंचमावर उभा आहे. घर दिसतं, पण पाय जमिनीला लागत नाहीत. जवळजवळ प्रत्येक कॉर्डखाली त्याने असंच केलंय, मूळ स्वर टाळून कॉर्डमधला दुसरा एखादा स्वर बासला दिलाय. ई की ए, गाण्याचा खरा सूर कुठला यावर संगीताचे अभ्यासक आजही वाद घालतात, आणि तो वाद मिटत नाही कारण गाण्यालाच तो मिटवायचा नाही.

मग मधला वाद्यभाग येतो. तिथे सगळी रचना चौथ्या स्वरावर उचलली जाते, आवाज एकमेकांत गुंततात, आणि तुम्ही परत कडव्यावर कसे आलात हे कळतही नाही. गाणारा कार्ल विल्सन, ब्रायनचा धाकटा भाऊ, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याचा आवाज सरळ, न सजवलेला आहे. खाली इतकी अस्थिर जमीन असताना वरती असा शांत गळा ठेवणं, ही या गाण्याची सगळ्यात मोठी समज आहे. शेवटी एकच ओळ वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक फिरत राहते आणि गाणं थांबत नाही, हळूहळू दूर जातं. समेवर येणं नाहीच. तुमच्या भावाच्या डोळ्यांत पाणी येतं ते बहुधा यामुळे, त्याला पंचम-षड्ज माहीत असो वा नसो.

आता दुसरी बाजू. हेच गाणं लहान स्पीकरवर ऐकलं तर काय होतं? फोनच्या स्पीकरला खालचे स्वर पेलत नाहीत. कॅरल के ही बासवादक प्लेक्ट्रमने (तारा छेडायच्या छोट्या पत्तीने) वाजवायची, त्यामुळे तिच्या बासला वरचे सूर भरपूर असतात आणि ते मोटारीच्या साध्या रेडिओवरही उमटायचे. पण तिच्या जोडीला लाइल रिट्झचा उभा बास आहे, त्याचं वजन खाली असतं. लहान स्पीकरवर तो जवळजवळ नाहीसा होतो, आणि चकवणारी जमीन निम्मी तरी कानाआड जाते. उरतं काय? गोड चाल, घुंगरांसारख्या घंटा, मऊ फ्रेंच हॉर्न. म्हणजे तुम्ही लिहिलंय तसं 'गोडगोड'. इअरफोनमध्ये बास असतो, पण बरेच इअरफोन तो फुगवून सांगतात आणि मग स्वर ऐकू न येता नुसता गडगडाट ऐकू येतो. दोन्हींत नुकसान बासच्या ओळीचंच, आणि या अल्बममध्ये बास म्हणजे दुसरा गायक आहे.

स्टुडिओत हा अल्बम लावला की कोण काय म्हणतं यावरून समोरच्याचा पेशा ओळखता येतो. गाणारी मुलं पहिल्या मिनिटात हरखतात. गिटारवाले अस्वस्थ होतात, कारण गिटार इथे मागे बसून रंग भरतेय. तालवाद्यं वाजवणारे सर्वांत नाराज. त्यांचं म्हणणं असतं की ठेकाच धरून ठेवत नाही. हॅल ब्लेनसारखा अव्वल ड्रमर असूनही अनेक ठिकाणी पूर्ण ड्रमसेट वाजतच नाही. ताल कधी टॅम्बोरिनकडे, कधी टिंपनीकडे (मोठ्या नगाऱ्याकडे), 'कॅरोलाइन, नो'मध्ये तर पाण्याच्या रिकाम्या मोठ्या बाटलीवरच्या थापेकडे. 'वुडन्ट इट बी नाइस' मध्येच मंदावतं आणि पुन्हा पळतं. ज्यांना पायाने ताल धरल्याशिवाय संगीत भिडत नाही, त्यांना हा अल्बम तरंगता वाटतो, आणि ते खरंच आहे. इथे मी वाद घालत नाही. ज्या कारणाने मला तो आवडतो त्याच कारणाने त्यांना तो आवडत नाही.

जुन्या हिंदी चित्रपटसंगीतावर पोसलेल्या माणसांना, माझ्या अनुभवात, हा अल्बम लवकर कळतो. त्याच काळात मुंबईत सबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे गोव्याचे संयोजक गायकाच्या ओळीमागे व्हायोलिनची दुसरी स्वतंत्र ओळ विणत होते. पन्नास-साठ वादक आणि गायक एकाच वेळी वाजत-गात मोनोत ध्वनिमुद्रण व्हायचं. मुख्य चालीच्या मागे चाललेलं बोलणं ऐकायची सवय त्या गाण्यांनी आपल्या आधीच्या पिढीला लावली. फरक इतकाच की तिथे चाल कायम राणी असते. ब्रायनकडे कधी कधी मागचं बोलणंच मुख्य असतं.

१९६६मध्येही मतं अशीच दुभंगली होती, तीही देशादेशांत. अमेरिकेत अल्बम दहाव्या क्रमांकापर्यंत गेला आणि तिथेच अडला. या गटासाठी ते कमीच होतं. लोकांना त्यांच्याकडून समुद्र हवा होता. कॅपिटलला हा अल्बम कसा विकावा हेच उमजलं नाही आणि दोन महिन्यांच्या आत त्यांनी जुन्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह बाजारात ओतला. अमेरिकेत 'गॉड ओन्ली नोज' एकल तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलं गेलं, तिथे ते एकोणचाळिसाव्या क्रमांकावर थांबलं. ब्रिटनमध्ये तेच पुढच्या बाजूला आलं आणि दुसऱ्या क्रमांकावर गेलं. अल्बमही तिथे दुसरा. मे महिन्यात गटातला ब्रूस जॉन्स्टन तबकडी घेऊन लंडनला गेला होता, तिथे हॉटेलात बीटल्सच्या लेनन आणि मॅकार्टनी यांनी ती ऐकली. मॅकार्टनी आजवर 'गॉड ओन्ली नोज'ची स्तुती करत आलाय, आणि बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी 'पेट साउंड्स' नसता तर बीटल्सचा 'सार्जंट पेपर' हा अल्बम झाला नसता असं सांगून ठेवलंय. इतकं होऊनही अमेरिकेतलं विक्रीचं गोल्ड प्रमाणपत्र या अल्बमला मिळालं २००० साली.

म्हणजे ध्वनी तोच, श्रोते वेगळे. अमेरिकेतल्या श्रोत्याच्या मनात बीच बॉइजची एक ठरलेली जागा होती आणि हा अल्बम तिथे मावला नाही. आज उलटं घडतंय. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या पाचशे अल्बमांच्या यादीत तो २००३, २०१२ आणि २०२० या तिन्ही वेळी दुसरा आला. आता तुमच्यासारखा श्रोता तो लावतो तेव्हा जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या अल्बमकडून मोठा आवाज, मोठं विधान, मोठा धक्का अपेक्षित असतो. आणि सुरू होतं काय, तर एक लाजाळू मुलगा म्हणतोय की आपण मोठे असतो तर किती बरं झालं असतं. यादीने अल्बमचं भलं केलं तसंच नुकसानही केलंय. हा एकट्याने, संध्याकाळी, काही न ठरवता ऐकायचा अल्बम आहे. त्याला परीक्षेला बसवलं की तो नापास होतो.

खरे आक्षेप कोणते, तेही सांगतो, कारण चाहते ते झटकून टाकतात आणि ते मला पटत नाही.

शब्द. ॲशरचे शब्द साधे आहेत, काही ठिकाणी शाळकरी वाटावेत इतके. त्याच वर्षात बॉब डिलनसारखे लोक गाण्यात काय काय करत होते ते पाहिलं तर 'पेट साउंड्स'ची भाषा कच्ची वाटू शकते. माझं मत असं की हा कच्चेपणा सूर-रचनेच्या प्रौढपणाशेजारी ठेवून ऐकावा. 'डोन्ट टॉक'मध्ये ब्रायन एकटा गातो. शब्द म्हणतात, बोलू नकोस, ऐक. मग आवाज थांबतो आणि तंतुवाद्यं बोलू लागतात, खाली बास छातीच्या ठोक्यासारखा. तिथे शब्द याहून हुशार असते तर गाणं बिघडलं असतं. पण ज्याला गाण्यात कविता हवी आहे त्याने इथे निराश होणं अगदी न्याय्य आहे.

'स्लूप जॉन बी'. हे बहामाजकडचं लोकगीत, १९६५च्या उन्हाळ्यात सुरू केलेलं आणि अल्बम येण्याआधीच एकल तबकडी म्हणून गाजलेलं. गाण्याचं संयोजन झकास आहे, मधे वाद्यं थांबून नुसते गळे उरतात तो भाग मी अजून मुलांना उलगडून दाखवतो. पण ते इथलं नाही. पहिल्या बाजूभर एक माणूस स्वतःशी बोलतोय आणि बाजू संपताना अचानक खलाशी येतात. काही चाहते म्हणतात की घरी जाऊ द्या या आर्ततेमुळे ते बसतं. मला ते ओढूनताणून वाटतं.

अल्बमला नाव देणारी वाद्यरचनाही माझ्या लेखी भरतीची आहे. मुळात ती जेम्स बाँडच्या चित्रपटांच्या धर्तीवर बांधली होती आणि अजून तशीच ऐकू येते. दुसरी वाद्यरचना, 'लेट्स गो अवे फॉर अव्हाइल', मात्र मला अल्बममधल्या पहिल्या पाच गोष्टींत ठेवावीशी वाटते. एकही सूर दोनदा त्याच वाटेने जात नाही.

आणि ब्रायनचा उंच, पातळ आवाज. तो कित्येकांना सहनच होत नाही. 'कॅरोलाइन, नो'ची टेप तर वेग वाढवून अर्धा स्वर वर नेलेली आहे, त्याचा आवाज आणखी कोवळा वाटावा म्हणून. मला त्यात हरवलेलं तारुण्य ऐकू येतं, माझ्या जवळच्या एका सहकाऱ्याला त्यात फक्त ताणलेला गळा ऐकू येतो. आवाज आवडणं-नावडणं कुणी कुणाला पटवून देऊ शकत नाही, आणि आम्ही दोघांनी तो प्रयत्न कधीच सोडून दिलाय.

तुमच्यासाठी एवढंच सुचवतो. पूर्ण अल्बम लगेच परत लावू नका. घरात बऱ्यापैकी मोठा स्पीकर असेल तर त्यावर, एकच स्पीकर चालेल, मोनो आवृत्ती लावा. ऑनलाइन सेवांवर मोनो आणि स्टीरिओ अशी दोन्ही असतात, नाव नीट वाचा. आधी 'दॅट्स नॉट मी' ऐका, कारण त्यात वाद्यं फार थोडी आहेत आणि रचनेचा सांगाडा दिसतो. मग 'आय जस्ट वॉझन्ट मेड फॉर दीज टाइम्स'. त्यात शेवटाकडे जे विलक्षण किंचाळल्यासारखं वाद्य येतं ते इलेक्ट्रो-थेरेमिन, वाजवणारा पॉल टॅनर. त्यानंतर 'गॉड ओन्ली नोज' लावा आणि गायकाकडे लक्षच देऊ नका. फक्त बास ऐका, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, जमलं तर त्याच्यासोबत गुणगुणा. षड्जावर उतरायला जाल आणि बास तुम्हाला उतरू देणार नाही. ते जाणवूनही गाणं गोडगोडच वाटलं तर अल्बम खुशाल बाजूला ठेवा आणि भावाला एकट्याला ऐकू द्या.

भेटीच्या तबकडीचं सोपं आहे. पुनर्मुद्रण घेणार असाल तर वेष्टनावर 'मोनो' असं स्पष्ट लिहिलेलं घ्या. स्टीरिओ त्याला नंतर हवं तर घेता येईल. जुनी अमेरिकन प्रत हाती लागली, मुखपृष्ठावरचा, मंडळी बकऱ्यांना खायला घालतानाचा सॅन डिएगो प्राणिसंग्रहालयातला तो हिरव्या पट्टीचा फोटो बघून मोहात पडायला होतं, तर पैसे देण्याआधी क्रमांक तपासा. टी २४५८ असेल तर मोनो आहे, घ्या. डीटी २४५८ असेल तर तीच ती ड्युओफोनिक, विक्रेता कितीही 'ओरिजिनल स्टीरिओ' म्हणाला तरी परत ठेवा.